लाल चिंधीची फांदी

३ तारीख, सोमवार

लेकीने ही वही दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभराचा राग आमच्यावर काढण्यापेक्षा यात काढत जा. वही उलटून बोलत नाही." तिची आई तोंड फिरवून हसली, म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं.

वही बरी आहे, पण रेघा फार फिकट छापल्यात. लिहिता लिहिता ओळ खाली घसरते. हल्ली कुठलीच वस्तू धड बनवत नाहीत.

स्वतःबद्दल काय लिहायचं? नगरपालिकेत पदपथ निरीक्षक. एकतीस वर्षं झाली, सात महिने राहिले. काम सांगायला सोपं आहे. फुटपाथ चालून बघायचे. लादी फुटली, उखडली, खचली असेल तिथे पांढऱ्या खडूने गोल काढायचा, आत तारीख घालायची आणि नोंदवहीत लिहायचं. मागून मुकादमाची टोळी येते आणि गोल असेल तिथेच काम करते. गोलापासून वीतभर अंतरावर विहीर असली तरी हात लावणार नाहीत, तसा नियम आहे. रस्त्यावरची माणसं मला खडूकाका म्हणतात.

ज्या म्हाताऱ्या निरीक्षकांच्या हाताखाली मी शिकलो, ते सांगायचे, "दोन लाद्यांच्या मध्ये दोन बोटं आडवी शिरली की गोल काढ, विचार करत बसू नकोस. आणि पातळ तळाच्या चपला घाल. निम्मं काम पाय करतात." पहिली दहा वर्षं मी गुडघे टेकून बोटं घालून बघायचो. मग नजर तयार झाली. आता उभ्या उभ्या, चालता चालता कळतं. चपलाही सोडल्या आणि जाड बूट घेतले, कारण वर्ष-दोन वर्षांत पायाला ठेचा फार लागायला लागल्या. शहराची अवस्थाच तशी झाली आहे.

६ तारीख, गुरुवार

आज टपाल कचेरीचा रस्ता केला. दिवस कागद आवरण्यात गेला, त्यामुळे निघायला साडेपाच झाले. या रस्त्यावरचे दिवे उशिरा लावतात आणि लावले तरी मिणमिणतात. वीज खात्याला लिहायला हवं.

फुटपाथ चांगला आहे. दोनच ठिकाणी गोल काढले. लोकांना मात्र चांगलं काही बघवत नाही. विजेच्या मोठ्या पेटीजवळ कुणीतरी भर फुटपाथवर झाडाची फांदी रोवून ठेवली होती. चांगली कमरेएवढी, वर लाल चिंधी बांधलेली. एखाद्याच्या डोळ्यात गेली असती. उपटली. अशी घट्ट बसवली होती की दोन्ही हात लावावे लागले. लाद्यांच्या फटीत एवढी घट्ट कशी बसवली कोण जाणे, रिकामटेकड्यांना वेळ असतो. रस्त्यापलीकडून कुणीतरी ओरडलं. आम्हाला बघून ओरडायची लोकांना सवयच आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. फांदी शाळेच्या भिंतीपलीकडे टाकली आणि नोंदवहीत त्या पट्ट्यापुढे शेरा लिहिला: दोष नाही.

परतताना एक सायकलवाला डाव्या अंगाने एकदम उगवला. खांदा शेकून निघाला. वर मलाच विचारतो, "दिसत नाही का?" माणसं आजकाल कुठूनही उगवतात.

८ तारीख, शनिवार

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अडखळलो. नडगी सोलली. वाटेत का ठेवतेस म्हणून हिच्यावर ओरडलो. संध्याकाळी बघतो तर स्टूल माळ्यावर गेलेलं.

नंतर दोघं बाजारात गेलो. लग्न झाल्यापासून ही माझ्या उजवीकडून चालायची, चार पावलं मागे. हल्ली डावीकडून चालते, दंडाला धरून. लेक चिडवते, "आई, या वयात प्रेमात पडलीस की काय?" पडली असेल. मी नाही विचारत.

११ तारीख, मंगळवार

टपालबाई पडल्या. कालची गोष्ट, मला आज कळली.

त्या रस्त्याला अठरा वर्षं त्याच टपाल वाटतात. पायी. मी भेटलो की विचारणार, "काय टपालबाई, आमचं काही पत्र?" आणि त्या म्हणणार, "तुम्हाला कोण लिहिणार खडूकाका? तुम्हीच सगळ्या रस्त्यावर लिहीत सुटता." अठरा वर्षं हाच विनोद, आणि दोघंही दर वेळी हसतो.

काल दुपारी विजेच्या पेटीजवळ लादी नव्हती तिथे त्यांचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत आत गेला. घोट्याची दोन्ही हाडं मोडली. पत्रं फुटपाथभर पसरली होती म्हणे, आणि त्या खाली बसल्या बसल्या लोकांना सांगत होत्या, आधी पत्रं गोळा करा.

विजेच्या पेटीजवळ म्हणजे माझ्या पट्ट्यात. गुरुवारी तिथे धडधडीत लादी होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. एखादी पाण्याची गाडी फुटपाथवर चढली असणार. चार दिवसांत काय नाही होत. फार वाईट वाटलं. एवढी भली बाई.

१३ तारीख, गुरुवार

साहेबांनी बोलावून खुर्ची दिली. एकतीस वर्षांत हे दुसऱ्यांदा.

टपाल खात्याने विचारणा केली आहे की पदपथ सदोष होता का. साहेबांनी माझ्या नोंदवहीच्या पानाची नक्कल पाठवून दिली. सहा तारीख, दोष नाही, खाली माझी सही. "तुमच्यामुळे आपलं खातं सुटलं," म्हणाले. "कागद चोख असला की झालं. चोवीस तारखेला दोन्ही खात्यांची एकत्र चौकशी आहे. तोवर तिकडे फिरकू नका."

बाहेर आलो तेव्हा कॉलर ताठ होती, खोटं कशाला बोलू. मग दारातल्या कारकुनाने सांगितलं की पदपथ निर्दोष ठरला तर दोष बाईंचा ठरतो. पत्त्यांकडे बघत चालत होत्या म्हणून पडल्या, असं. दुखापत कामावरची धरणार नाहीत. 'कामात निष्काळजी' असा शेरा बसेल, आणि पाय बरा झाला तरी फेरी परत मिळणार नाही. मागच्या खोलीत शिक्के मारत बसवतील, तेही ठेवलंच तर.

नियम आहे, मी काय करणार?

१४ तारीख, शुक्रवार

मुकादमाशी भांडण झालं. बावीस वर्षं एकत्र काम करतोय, कधी शब्दाने शब्द वाढला नव्हता.

तो सरळ म्हणाला, "खड्डा महिन्याचा आहे."

"मग भरला का नाहीस?"

"गोल कुठे होता? गोल असता तर भरला असता. विजेवाल्यांनी तारेसाठी लादी काढली आणि गेले. मी वाट बघत होतो, आज काका येतील, उद्या येतील. तुम्ही आलात आणि गोल न काढता गेलात. मला वाटलं, काढायचं नसेल, वरून काही सांगितलं असेल."

"मी बघितलं तेव्हा लादी होती," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. तसा तो माझ्याकडे कधी बघत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात तुम्ही माझ्या सिमेंटच्या घमेल्यात पाय घातला होतात. आम्ही पोरं हसलो. आता हसायला येत नाही."

घमेलं त्यांनीच वाटेत ठेवलं होतं. डोळ्यांत तेल घालून काम केलं, नाकासमोर चाललो, आणि आता हा मला शिकवणार. रागाने जेवण गेलं नाही.

१६ तारीख, रविवार

हिला घेऊन रुग्णालयात जाऊन आलो. पायऱ्या अशा बांधल्यात की शेवटची कुठली ते कळत नाही. हिने धरलं म्हणून बरं.

टपालबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, उशीवर उचलून ठेवलेला. अठरा वर्षं त्यांना चालताना बघितलं, बसलेल्या पहिल्यांदाच बघितल्या. मीच विचारलं, "आमचं काही पत्र?" पण हसू जमलं नाही.

त्या म्हणाल्या, "खडूकाका, मला वेंधळी म्हणतायत. अठरा वर्षांत एक पत्र चुकलं नाही माझं. मला तो खड्डा माहीत नव्हता का? मीच तर खूण लावली होती त्याला."

"कसली खूण?" हिने विचारलं.

"फांदी हो. चांगली मोठी फांदी आणून आत दगडांमध्ये रोवली होती, मुलीच्या जुन्या फ्रॉकची लाल चिंधी बांधून. शाळेची लेकरं जातात तिथून. मी रोज लांबूनच चिंधी बघायची, मग तेवढ्यापुरती बाजूला व्हायची. शुक्रवार-शनिवार रजेवर होते, सोमवारी आले तर चिंधी दिसली नाही, म्हणून वाटलं पेटी अजून पुढे आहे, आणि पत्ता वाचत राहिले. कुणी काढली कोण जाणे. काढणाऱ्याला खड्डा दिसला नसेल का हो?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. ही माझ्याकडे बघत होती, ते मला जाणवत होतं. टपालबाई म्हणाल्या, "तुम्ही चौकशीला असणार ना? बरं झालं. तुम्ही तरी खरं सांगाल."

१७ तारीख, सोमवार

कामावर गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं.

१८ तारीख, मंगळवार

सहा तारखेचं पान उघडून वाचलं. माझंच अक्षर. दोन्ही हात लावावे लागले. लाद्यांच्या फटीत एवढी घट्ट कशी बसवली कोण जाणे.

लाद्यांच्या फटीत फांदी उभी राहत नाही. हे मला कळायला बारा दिवस लागले, आणि मी निरीक्षक.

पण लादी दिसली होती. खोटं नाही लिहिलेलं. आत्ता डोळे मिटले तरी ती लादी दिसते, शेजारच्यासारखीच राखाडी, सपाट. मी दिसलं तेच लिहिलं.

पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही, पण आलं होतं हे लिहून ठेवतो. फांदीबद्दल माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. जो ओरडला होता त्याने मला पाठमोरंच बघितलं असेल. नोंदवही चोख आहे. सात महिने राहिलेत. चोवीस तारखेला मला एवढंच म्हणायचं आहे की नोंद बरोबर आहे, आणि घरी यायचं आहे.

२० तारीख, गुरुवार

आज हिला सगळं वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता ऐकत होती. सहा तारखेचं पान ऐकून हात थांबले.

म्हणाली, "अहो, तुम्हाला दिसत नाही."

मी भडकलो. समोरच्या घराच्या दारावरचा आकडा वाचून दाखवला, कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. ही उठली, माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "समोर बघत राहा. माझ्या हातात काय आहे?"

मला हातच दिसत नव्हता. हीसुद्धा दिसत नव्हती. नुसती भिंत दिसत होती, नेहमीची.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं. पेला टेबलाच्या बाहेर ठेवायला लागलात तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"एकदा बोलले होते. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत." मग खाली बसली. "घरातलं उचलून ठेवत गेले. बाहेर जाताना डावी बाजू धरली. सांभाळून नेता येईल असं वाटलं हो. त्या रस्त्यांवर लोक तुमच्या भरवशावर चालतात, हे माझ्या मनातच आलं नाही."

ती रडली. मीही रडलो. लेक आली तेव्हा भाजी तशीच पडली होती.

२१ तारीख, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. एका भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बसून राहिलो. मला वाटलं यंत्र बंद पडलंय.

काचबिंदू. कडेची नजर गेली आहे, खालची तर जवळजवळ सगळी, दोन्ही डोळ्यांची. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं औषधाने टिकवू, डॉक्टरबाई म्हणाल्या. मी विचारलं, "मग तिथे काळं का दिसत नाही? मला तर सगळं भरलेलं दिसतं."

त्या म्हणाल्या, "जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे मन आजूबाजूचंच भरून टाकतं. भिंतीजवळ भिंत, रस्त्याजवळ रस्ता."

लादीजवळ लादी. म्हणजे ती लादी मीच बसवली होती.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

२३ तारीख, रविवार

उद्या चौकशी. भीती वाटते. नोकरी जाण्याची वाटते, पण त्याहून जास्त याची, की एकतीस वर्षांतल्या शेवटच्या दोन वर्षांचे सगळे 'दोष नाही' आता कुणी मोजायला घेतले तर? किती माणसं पडली असतील ज्यांची नावं माझ्यापर्यंत आलीच नाहीत? प्रत्येकाला घरच्यांनी हेच म्हटलं असेल, बघून चालता येत नाही का.

हिने वही पिशवीत घालून ठेवली आहे. मी सांगितलं नव्हतं.

२४ तारीख, सोमवार

आत जाण्याआधी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "डोळ्यांचं मी समजू शकतो. आजारपणाचा अर्ज द्या, मान राखून घरी जा. पण ते फांदीचं कशाला? कुणाला माहीत आहे?"

"मला."

"लेखी आहे कुठे?"

"आहे," म्हटलं.

टपालबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यांच्या खात्याचे दोघे, आमचे दोघे, मधे लांब टेबल. नोंद बरोबर आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, सही माझी आहे, नोंद चूक आहे. मग वही काढली आणि सहा तारखेचं पान वाचलं. ओळ सापडेना म्हणून बोट ठेवून वाचलं. फांदी, चिंधी, दोन्ही हात, रिकामटेकडे, सगळं. 'दोष नाही' हा शेरा वाचला आणि खाली बसलो. डॉक्टरांचा कागदही दिला.

टपाल खात्यातल्या एकाने त्या पानाची नक्कल मागितली.

टपालबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं काही बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी शेजारच्या माणसाला फक्त "चला" म्हटलं. खुर्ची दारातून वळेपर्यंत दिसली, मग एकदम दिसेनाशी झाली.

माझी नोंदवही आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. खडूची डबी कुणी मागितली नाही.

२५ तारीख, मंगळवार

घरी. लेकीने डोळ्यांत थेंब घातले. लहान असताना औषध घेताना ती माझ्यावर जशी गुरगुरायची, तसा मी आता गुरगुरतो म्हणे.

मुकादम येऊन गेला. चहा घेतला. बसून राहिला. जाताना दारात म्हणाला, "नवा माणूस अजून नेमलेला नाही." एवढंच.

२९ तारीख, शनिवार

दुपारी पत्र आलं. साधं कार्ड, मोठ्या ठळक अक्षरात. वाचणाऱ्याला ओळ लवकर सापडत नाही, हे लिहिणारीने चौकशीत बघितलं होतं. हिने हातात दिलं, पण वाचून दाखवलं नाही. मी स्वतः वाचलं.

"खडूकाका, अठरा वर्षं विचारत होतात, हे घ्या तुमचं पत्र. पाय बरा झाला की फेरी परत मिळेल असं लेखी दिलंय. राग गेलेला नाही. खड्डा अजून तसाच आहे."

चार वेळा वाचलं. मग माळ्यावरच्या जुन्या खोक्यातून पातळ तळाच्या चपला काढल्या. हिने काही न विचारता अंगणातल्या झाडाची एक जाड फांदी तोडली आणि स्वतःची लाल ओढणी फाडली.

पाचच्या सुमारास टपाल कचेरीच्या रस्त्यावर पोचलो. चौकापासून विजेच्या पेटीपर्यंत चालायला पूर्वी मला पाच मिनिटं लागायची. आज अर्धा तास लागला. हिला म्हटलं, दंड धर, पण बोलू नकोस. पायांनी बघत गेलो. हलणाऱ्या सहा लाद्या लागल्या, एक उचकटलेला कडेचा दगड, एक झाकण कलतं. या सगळ्यांपुढे मी 'दोष नाही' लिहिलेलं आहे. माणसं बाजूने जात होती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन फोनवर बोलत गेली.

पेटी समोर दिसत होती. पुढे सपाट फुटपाथ दिसत होता. मी पाऊल उचललं आणि हिने दंड मागे ओढला.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"इथेच. तुमच्या पुढ्यात."

गुडघे टेकले. एकवीस वर्षांनी टेकले असतील. दोन बोटं पुढे करून लादीची कड शोधली. कड सापडली आणि त्यापुढे काही नव्हतं. हात घालत गेलो. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा लादीला टेकला तेव्हा खाली दगड लागले.

त्याच दगडांत फांदी रोवली. दोन्ही हातांनी, घट्ट. चिंधी हिने बांधली. मग डबीतून खडू काढला आणि डाव्या हाताने कड चाचपत उजव्या हाताने गोल काढला. मुकादम सोमवारी या रस्त्याला येतो. गोल कुणी काढला हे तो विचारत नाही.

ही म्हणाली, "वाकडा आलाय."

"बंद झालाय ना?"

"झालाय."

आत तारीख घालायची राहिली होती. आजची नाही घातली. सहा घातली.